ऐकू नका, बघा

घंटा वाजली तेव्हा आम्ही अठ्ठेचाळीस जण गाता गाता थांबलो. मास्तर थांबले नाहीत.

सकाळचे साडेदहा वाजले होते. थिएटरच्या तिसऱ्या मजल्यावर, कोरसच्या हॉलमध्ये, तालीम रंगात आली होती. ऑपेराच्या पहिल्या प्रयोगाला तीनच दिवस उरले होते. घंटा आगीची होती, दाराच्या वर बसवलेली, लाल, एकदा सुरू झाली की दात शिवशिवतील अशी. मास्तरांचा डावा हात एरवी कायम पियानोच्या झाकणावर टेकलेला असतो. नेमका त्या क्षणी तो स्वरलिपीची पानं उलटत होता आणि मास्तरांची मान खाली होती. उजवा हात ताल देत होता. आमची तोंडं मिटली, पियानोवरच्या आर्मिदाबाईंनी हात उचलले, आणि मास्तरांचा उजवा हात मात्र शांतपणे चार मात्रा मोजत राहिला.

"आल्टो, श्वास," ते खाली बघतच म्हणाले. मी पहिल्या रांगेत होते म्हणून मला कळलं. "श्वास दिसला पाहिजे मला, बायांनो."

कोणीच गात नव्हतं. शेजारच्या इओलेनं माझं मनगट घट्ट धरलं. मास्तरांना पान सापडलं, त्यांनी मान वर केली आणि त्यांना अठ्ठेचाळीस मिटलेली तोंडं दिसली.

"थांबलात का? मी थांबा म्हटलं?"

हे शब्द आम्हाला त्यांच्या ओठांवरूनच कळले, कारण ते ओरडलेच नव्हते. रोजच्या आवाजात बोलले होते. एवढ्या गोंगाटात कुठलाही माणूस आपोआप ओरडतो. मग त्यांची नजर आर्मिदाबाईंकडे गेली. बाईंनी एक बोट दाराच्या वर दाखवलं. मास्तरांनी त्या लाल डबीकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरत गेलेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

आर्मिदाबाई उठल्या, त्यांनी मास्तरांचं कोपर धरलं आणि खाली कॉफी प्यायला निघावं तशा त्यांना घेऊन बाहेर पडल्या. आम्ही तसेच उभे. आग लागली असती तर त्या दिवशी आम्ही सगळे उभ्या उभ्या भाजून निघालो असतो, कारण दाराकडे जायचं कोणाला सुचतच नव्हतं.

मी नीवेस. वय एकसष्ट. आल्टो, म्हणजे खालच्या पट्टीतल्या बायकांत तेहतीस वर्षं गातेय आणि गेली सहा वर्षं कोरसची हजेरीही बघते. कोण आलं, कोण उशिरा आलं, कोणाचा घसा बसला, कोण घसा बसल्याचं सोंग करतंय, हे सगळं माझ्या वहीत असतं. माझ्या नजरेतून काही सुटत नाही अशी माझी ख्याती होती. आणि माझ्या नाकासमोर चार हातांवर एक माणूस बहिरा झाला होता, हे मला कळलं नव्हतं.

खाली अंगणात आल्यावर समजलं की आग वगैरे काही नव्हती. नव्या व्यवस्थापकांनी, मालागुती साहेबांनी, न सांगता घेतलेली परीक्षा होती. प्रत्येक हॉल दोन मिनिटांत रिकामा झाला पाहिजे. सुतार आले, शिंपिणी आल्या, वादक आपापली वाद्यं पोटाशी धरून आले. कोरस चार मिनिटांनी आला. आम्ही धुक्यात कोंडाळं करून उभे राहिलो.

"त्यांना ऐकू येत नाही," इओले म्हणाली. एवढं साधं वाक्य, पण ते मोठ्यानं बोलायला आमच्यापैकी कोणाची जीभ रेटत नव्हती.

"वयाची शहात्तरी आहे, थोडं कमी ऐकू येतच असेल," कोणीतरी म्हणालं.

"थोडं?" साउरो उसळला. तो टेनर, म्हणजे वरच्या पट्टीतला पुरुष, चार वर्षांपूर्वी आमच्यात आलेला, तापट. "ती घंटा मेलेल्याला उठवेल! थोडं कमी म्हणे! चार वर्षं हा माणूस मला सगळ्यांसमोर सांगतोय, साउरो तू उतरलास, साउरो तू चढलास. कशावरून? माझ्या टायवरून?"

"हळू बोल," मी म्हटलं.

"कशाला हळू? ऐकणार कोण आहे?"

यावर दोघं-तिघं फसकन हसले आणि लगेच गप्प झाले. बासमधला, म्हणजे खर्जातला म्हातारा उल्देरिको इतका वेळ भिंतीला टेकून होता. त्यानं एकदम कपाळावर हात मारला.

"अरे देवा! वीस वर्षं मी मागच्या रांगेतून तोंडातल्या तोंडात त्याला शिव्या घालतोय. म्हटलं, लांब आहे, ऐकू जात नाही. तो तर ओठ वाचत होता रे!"

आता मात्र हसायलाही जमेना. एकेकाच्या डोक्यात एकेक गोष्ट उलगडत होती. मास्तरांचं ते प्रसिद्ध वाक्य, 'ऐकू नका, बघा', जे आम्ही त्यांच्या पंच्याहत्तरीच्या केकवरसुद्धा लिहून घेतलं होतं. 'श्वास दिसला पाहिजे' हा त्यांचा हट्ट, ज्याला बाहेरगावचे लोक आमच्या कोरसची शैली म्हणायचे. पियानोवर टेकलेला तो हात, जो मोठ्या फोटोत थिएटरच्या जिन्यात लावलाय, ऐटबाज म्हणून. ऐट कसली, तळहातानं सूर चाचपत होते.

"आणि कोरिन्ना?" साउरोनं विचारलं. "दोन वर्षांपूर्वी तिला काढलं ना त्यानं? वार्षिक परीक्षेत? चढं गाते म्हणून? बहिऱ्यानं ठरवलं?"

कोरिन्ना हल्ली नदीपलीकडच्या गावात बेकरीत काम करते.

"मालागुतीला कळलं तर दुपारपर्यंत घरी पाठवेल त्याला," उल्देरिको म्हणाला. "आणि मग कपाट गेलं."

कपाट म्हणजे आमच्या हॉलमधलं स्वरलिपींचं जुनं अक्रोडी कपाट. आमचा कोरस यंदा शंभर वर्षांचा झाला. वीटभट्टीवरचे, चीजच्या कारखान्यातले आणि एक न्हावी, असे बावीस पुरुष आधी जमले, चर्चमधल्या ऑर्गनवाल्यानं त्यांना गायला शिकवलं, तिथून ही कथा सुरू होते. तो ऑर्गनवाला निवृत्त झाला तेव्हा त्यानं आपल्या शेवटच्या पहिल्या प्रयोगाच्या संध्याकाळी कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीनं नाव लिहिलं, आणि पुढे सालं. तेव्हापासून प्रत्येक मास्तर तसं लिहीत आला. संगमरवरी पाटी नाही, समारंभ नाही, फक्त पेन्सिल. ज्याला काढून टाकलं त्याला लिहिता येत नाही. चौथ्या मास्तरला दारूपायी काढलं होतं, तर तिसऱ्या आणि पाचव्या नावाच्या मध्ये दोन बोटं जागा आजही कोरी आहे. आमच्या लेआर्को पवेझी मास्तरांनी एकतीस वर्षं त्या कोऱ्या जागेकडे बघून काढली. शनिवारी त्यांचा निवृत्तीआधीचा शेवटचा पहिला प्रयोग होता, आणि त्यांना आयुष्यात दुसरं काही नको होतं हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

मला मालागुती साहेबांचं बोलावणं बारा वाजता आलं.

"चार मिनिटं," ते घड्याळ पुढे करून म्हणाले. "शिंपिणी शिवणयंत्रं बंद करून दीड मिनिटात खाली. तुमच्या कोरसला काय झालं होतं?"

वाटेत मी ठरवलं होतं की खरं सांगायचं. बहिरा माणूस अठ्ठेचाळीस जणांची जबाबदारी घेऊन उभा राहतो हे बरं नव्हे, हे मलाही कळतं. पण तोंड उघडलं आणि भलतंच निघालं.

"चूक माझी आहे, साहेब. मी त्यांना म्हटलं, एवढी ओळ संपवा आणि मग निघा."

"आगीत? ओळ संपवा?"

"वाईट सवय आहे आमची."

त्यांनी कागद पुढे ओढला. मग म्हणाले, "पवेझींनी तुम्हाला थांबवलं नाही?"

"मास्तर पान शोधत होते."

ही एकच गोष्ट खरी होती. त्यांनी माझ्याकडून तसं लिहून घेतलं, सही घेतली आणि पुढच्या हंगामापासून हजेरीचं काम दुसऱ्या कोणाला देऊ असं सांगितलं. मी बरं म्हटलं आणि बाहेर आले. जिन्यात मास्तरांचा तो फोटो होता. मी तिथेच पायरीवर बसले. खोटं बोलल्याचं दुःख नव्हतं. ज्या माणसासाठी बोलले त्यानं माझ्यासाठी खरोखर काही केलं होतं का, हेच आता मला कळेनासं झालं होतं.

सात वर्षांपूर्वी माझ्या स्वरयंत्रावर गाठ आली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत गुपचूप काढून घेतली. डॉक्टर म्हणाले, सहा महिने गायचं नाही. मी मानेनं हो म्हटलं आणि सप्टेंबरात तालमीला हजर झाले. नवरा नुकताच वारला होता, मूलबाळ नाही. सहा महिने घरात भिंतींकडे बघत बसले असते तर मी कुठे पोचले असते देव जाणे. मी रांगेत उभी राहायचे, श्वास घ्यायचे, तोंड उघडायचे आणि आवाज काढायचे नाही. एकही सूर नाही. पकडली जाईन म्हणून रोज सकाळी उलटी व्हायची. मग फेब्रुवारीत एका प्रयोगानंतर मास्तर सगळ्यांसमोर माझ्यापुढे थांबले आणि म्हणाले, "नीवेस, आज तुझा आवाज सगळ्यांत मिसळला होता."

मी बाथरूममध्ये जाऊन ढसाढसा रडले. यांना कळलंय, मला वाटलं. कळलंय, आणि हे मला सांभाळून घेतायत. पुढे आवाज परत आला, निम्माच आला, पण आला. त्या एका वाक्याच्या जोरावर मी सात वर्षं काढली. आणि आता ही घंटा. कान नसलेल्या माणसानं तोंड उघडलेलं पाहिलं आणि अंदाजानं शाबासकी दिली, एवढीच काय ती त्याची किंमत? मला कोणीतरी भर चौकात थोबाडीत मारल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, दुपारच्या सुट्टीत मी आर्मिदाबाईंच्या घरी गेले. थिएटरमागच्या दुसऱ्या गल्लीत त्या एकट्या राहतात. लग्न केलं नाही. वय अडुसष्ट. चाळीस वर्षं आमच्या तालमीला पियानो वाजवतात, आणि पोस्टरवर त्यांचं नाव कधी नसतं. त्या स्वयंपाकघरात लाल भोपळ्याचं सारण करत होत्या. मला बघून त्यांनी खुर्ची पुढे सरकवली आणि कणकेचा गोळा माझ्यापुढे ठेवला.

"लाट. हात रिकामे असले की तू जास्त बोलतेस."

मी लाटायला घेतलं. "कधीपासून?"

"उजवा कान पंधरा वर्षांपूर्वी गेला. डावा दोन हजार दहा साली, कार्निव्हलच्या आठवड्यात. तीन दिवसांत गेला."

"नऊ वर्षं!"

"पातळ लाट. हो, नऊ."

"आणि आमच्या चुका त्यांना कोण सांगायचं?"

बाईंनी चमचा खाली ठेवला आणि आपला डावा खांदा किंचित उचलला. मी बघत राहिले. मग उजवा उचलला. मग हनुवटी वर, मग खाली.

"डावा खांदा आल्टो, उजवा सोप्रानो. मान डावीकडे टेनर, उजवीकडे बास. हनुवटी वर, चढलं. खाली, उतरलं."

माझ्या हातातलं लाटणं थांबलं. आर्मिदाबाईंच्या खांद्याला दुखणं आहे असं आम्ही नऊ वर्षं समजत होतो. उल्देरिकोनं तर एकदा त्यांना गुरांच्या डॉक्टरकडचं मलम आणून दिलं होतं.

"मग कोरिन्नाला कोणी काढलं?"

"मी." त्या सरळ माझ्याकडे बघत म्हणाल्या. "ती चढं गात होती, नीवेस. तीन वर्षं थांबले मी. त्या रात्री मला झोप आली नाही, पण निर्णय चुकला नव्हता. सही त्याची, कान माझे."

"म्हणजे आमच्या मास्तर तुम्ही."

"मूर्खासारखं बोलू नकोस. श्वास त्यानं शिकवला तुम्हाला. तुम्ही उभं कसं राहायचं, शब्द कसा सोडायचा, कोणाच्या शेजारी कोणाला उभं करायचं, ते सगळं त्याचं. मी फक्त सांगायचे कुठे गळतंय. आणि पडद्याआडून गाऊन घेताना तो तुम्हा सगळ्यांपेक्षा पक्का. ऐकणारा माणूस तिथे हमखास मागे राहतो. तो राहत नाही, कारण त्याला ऐकूच येत नाही."

हे खरं होतं. विंगेतून गाताना वाद्यवृंद लांब असतो. त्याचा आवाज येईपर्यंत थांबलात तर प्रेक्षकांपर्यंत तुमचं गाणं उशिरा पोचतं. समोरच्या टीव्हीच्या छोट्या पडद्यावर वाद्यवृंदाच्या संचालकाचा हात दिसतो, तो बघायचा आणि कानांवर विश्वास न ठेवता किंचित आधी सुरू व्हायचं. भले भले तिथे घसरतात. आमचा कोरस नऊ वर्षांत एकदाही घसरला नव्हता.

शेवटी विचारलंच. "बाई, माझी गाठ काढली होती तो हंगाम आठवतो? मी तेव्हा गातच नव्हते."

"ठाऊक आहे. पहिल्याच दिवशी कळलं. आल्टोंचा एक पाय मोडल्यासारखा वाटला मला."

"मग खांदा नाही उचललात?"

"घरी जाताना सांगितलं त्याला. दिव्याखाली उभं राहून, नीट, ओठ हलवून. म्हटलं, नीवेस गात नाही, नुसतं तोंड उघडते."

"काय म्हणाले?"

आर्मिदाबाईंनी भोपळ्याच्या सारणावर जायफळ किसायला घेतलं. "म्हणाला, मी ऐकत नाही तरी मला इथे उभं राहू देतेयस ना? मग ती गात नाही तरी तिला तिथे उभी राहू दे. आणि मग फेब्रुवारीत एकदा माझ्या मागे लागला, तिला काहीतरी बरं बोललं पाहिजे, ती वाळत चाललीय, काय बोलू सांग. ते वाक्य मी दिलं त्याला."

मी लाटण्यावर डोकं टेकलं आणि रडले. कणकेत पाणी जाईल म्हणून बाईंनी पोळपाट माझ्यापुढून ओढून घेतला.

शनिवारी संध्याकाळी सात वाजता आम्ही सगळे हॉलमध्ये जमलो. बायका मठवासिनींच्या झग्यांत, पुरुष यात्रेकरूंच्या फाटक्या घोंगड्यांत, सगळ्यांच्या तोंडात निलगिरीच्या गोळ्या. साउरो अजून फुगलेलाच होता, पण मालागुतीकडे कोणीही गेलं नव्हतं, तोही नाही. मास्तर काळ्या कोटात आले. बुधवारनंतर त्यांनी तालमी घेतल्या होत्या, पण घंटेबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं, आणि आमचीही विचारायची छाती झाली नव्हती. ते तडक कपाटापाशी गेले आणि दार उघडलं. आम्ही अर्धगोल करून उभे राहिलो. सगळं ठरल्यासारखं होणार, नाव लिहिलं जाणार, मी बोललेलं खोटं सार्थकी लागणार, या विचारानं मी रांगेत पुढे सरकले.

त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि शेवटच्या नावाखाली सावकाश लिहिलं: लेआर्को पवेझी, १९८८ ते २०१०.

"साल चुकलं," उल्देरिको पुटपुटला. "मास्तर, एकोणीस साल चालू आहे."

त्यांना अर्थातच ऐकू गेलं नाही. त्यांनी पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि खाली दुसरी ओळ लिहिली: आर्मिदा तोनेल्ली, २०१० ते. पुढची जागा कोरी ठेवली.

हॉलमध्ये पिन पडली असती तरी ऐकू आली असती, आम्हाला तरी. आर्मिदाबाईंचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता. मास्तर वळले.

"बुधवारी घंटा वाजली," ते म्हणाले. "मला ऐकू आली नाही. त्याआधीही नऊ वर्षं मला काही ऐकू आलेलं नाही. तुम्ही काल-परवा कसं गायलात मला माहीत नाही. श्वास चांगला होता. मालागुती साहेबांना मी आज पत्र दिलंय. त्यात हेही लिहिलंय की नीवेस खोटं बोलली."

म्हणजे मी खोटारडी, तीही लेखी. मला राग यायला हवा होता. आला नाही.

"आज विंगेत आर्मिदा उभी राहील."

"लेआर्को, तुला वेड लागलंय," बाई भडकल्या. त्यांच्यापुढे येऊन, ओठ हलवून बोलल्या. "मी आयुष्यभर बसून वाजवलं. मला हवेत हात हलवता येत नाही. आणि आज? सगळं गाव खाली येऊन बसलंय आणि आज?"

"आज नाही तर मग मी मेल्यावर?"

मग साउरो रांगेतून बाहेर आला. मला वाटलं, आता हा तोंड सोडणार. तो मास्तरांच्या अगदी समोर उभा राहिला आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "मास्तर, गेली चार वर्षं माझं बरोबर होतं का?"

"श्वास बरोबर होता," मास्तर म्हणाले. "बाकीचं हिला विचार."

"चढायचास," आर्मिदाबाई म्हणाल्या. "अजून चढतोस."

साउरोनं मान हलवली. मग हॉलच्या कोपऱ्यातून मास्तरांची उभं राहायची लाकडी चौकी उचलली आणि ती खाली विंगेत नेऊन ठेवायला निघून गेला.

तिसऱ्या अंकात पडद्याआडची प्रार्थना असते. विंगेत अंधार होता, चौकीच्या वर एक निळा दिवा, आणि शेजारी छोट्या पडद्यावर संचालकाचा हात. आर्मिदाबाई चौकीवर चढल्या. त्या उंचीनं लहान. मास्तर आमच्या रांगेत येऊन माझ्या मागे उभे राहिले.

"नीवेस, पाठीवर हात ठेवू?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. त्यांचा तळहात माझ्या खांद्याच्या पात्याखाली टेकला. पियानोवर टेकायचा, तसाच.

बाईंनी हात खाली आणला आणि आम्ही सुरू झालो. पहिल्या दोन ओळींतच मला कळलं की बिनसतंय. आर्मिदाबाई ऐकत होत्या. चाळीस वर्षं ज्यांनी फक्त ऐकलं, त्या कानांना लांबून येणाऱ्या व्हायोलिनांकडे दुर्लक्ष करता येत नव्हतं. पडद्यावर संचालकाचा हात खाली यायचा आणि बाईंचा हात त्यानंतर, केसभर उशिरा. मग दोन केस. बास डळमळले. पडद्यावर संचालकाची मान आमच्या बाजूला वळलेली मी पाहिली. शंभर वर्षांच्या कोरसचं त्या संध्याकाळी खाली बसलेल्या सगळ्या गावासमोर हसं होणार होतं, आणि तेही ज्या दिवशी आर्मिदा तोनेल्लीचं नाव पहिल्यांदा कुठेतरी लिहिलं गेलं त्या दिवशी.

तेवढ्यात माझ्या पाठीवर बोट वाजलं. एक. दोन. तीन. चार. मास्तर पडद्यावरचा हात बघत होते आणि माझ्या पाठीवर ताल देत होते, किंचित आधी, जसा द्यायला हवा तसा. मी कान बंद केले. कसे केले ते मला सांगता येणार नाही. त्या बोटावर पाय ठेवून मी पुढची ओळ उचलली, माझ्या निम्म्या आवाजात, एकटीनं, बाईंच्या हाताच्या आधी. इओलेनं दचकून माझ्याकडे बघितलं आणि माझ्याबरोबर आली. मग सगळ्या आल्टो आल्या. मागून उल्देरिकोचा बास आमच्याखाली येऊन उभा राहिला. आर्मिदाबाईंनी आमची तोंडं पाहिली, माझ्या मागे मास्तरांचे डोळे पाहिले, आणि त्यांचा हात जागच्या जागी सुधारला. ऐकायचं सोडून त्या बघायला लागल्या. शेवटच्या आमेनपर्यंत आम्ही पडद्यावरच्या हातासोबत होतो, आणि पडद्यावर संचालकानं आमच्या दिशेनं हलकेच डोळे मिटले.

टाळ्या पडल्या. भिंतींतून, फळ्यांतून, तळपायांतून येतात तशा पडल्या. मास्तर माझ्याकडे बघत होते. त्यांना ना टाळ्या ऐकू येत होत्या, ना आम्ही कसं गायलो ते. त्यांना फक्त माझा चेहरा दिसत होता.

मी निळ्या दिव्याकडे तोंड करून वळले, ओठांवर उजेड पडेल अशी, आणि सावकाश म्हणाले, "मास्तर, आज तुमचा आवाज सगळ्यांत मिसळला होता."

त्यांनी ते वाचलं. दोनदा पापण्या हलल्या.

"हळू बोल," ते म्हणाले. "प्रयोग चालू आहे."

तेही इतक्या मोठ्यानं, की पडदा ओढणाऱ्यानं वळून आमच्याकडे डोळे वटारले. मास्तरांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांचा तळहात अजून माझ्या पाठीवर होता, आणि मी रडत होते ते त्यांना तिथून कळत होतं.